डाव्या हातातली देवी

सगळ्यात आधी शमीमआपांचं नाव लिहिते. त्या देऊळगाव राजात घरोघरी जाऊन बांगड्या भरतात. त्यांनी माझा हात धरला नसता तर मी अजूनही दर शुक्रवारी पाटावर बसले असते आणि गल्लीतल्या बायका माझे पाय धूत असत्या. दुसरं नाव आमच्या ह्यांचं. तिसरं आमच्या डॉक्टर मॅडमचं, पण त्या म्हणाल्या, माझं नाव नको, तुमचंही नको, फक्त झालं ते लिहा, दवाखान्याबाहेर बाकावर बसलेल्या बायका वाचतील. आपांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझं लिही. मी काय चोरी केली?" म्हणून फक्त त्यांचंच नाव लिहिते आहे.

मी आठवीपर्यंत शिकले. लिहायची सवय नाही. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर गोंदियाकडे, धानाच्या मुलखात. इथून जायला अख्खा दिवस लागतो. लग्न होऊन आले तेव्हा इथे माझं ओळखीचं कुणी नव्हतं. हे मोटार वाइंडिंगच्या दुकानात काम करतात, म्हणजे शेतातल्या जळालेल्या मोटारींची तार नव्याने भरतात. घरात सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, आणि आमची मुलगी. आजार सुरू झाला तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती.

*

पहिल्यांदा झालं तेव्हा मी चुलीवर भाकरी टाकत होते.

कसं लिहू? नवऱ्याजवळ असताना बाईच्या अंगात जे होतं, तेच. पोटाखालून ऊब चढत आली, छाती भरली, कान तापले. पण नवरा दुकानात होता. माझ्या मनात काहीही नव्हतं. भाकरी उलटायची एवढंच होतं. अर्धं मिनिट गेलं असेल. मग मधलं काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा भाकरी कोळसा झाली होती आणि तोंड कोरडं पडलं होतं.

मी कुणाला सांगितलं नाही. हे कुणाला सांगणार? आईला फोनवर? आई म्हणाली असती, पोरीचं चालचलन बिघडलं.

मग ते पुन्हा झालं. पाणी भरताना, मुलीची वेणी घालताना. एकदा एसटीत, शेजारी एक म्हातारे बाबा बसले होते तेव्हा. त्या दिवशी घरी येऊन मी थंड पाण्याने अंघोळ केली आणि सोमवारचा उपास धरला. मग गुरुवारचाही धरला. मला वाटायचं मी आतून घाण आहे. ती ऊब चांगली वाटायची, हे सगळ्यात वाईट होतं. चांगली वाटायची आणि लगेच भीती वाटायची, दोन्ही एकाच वेळी.

*

एका शुक्रवारी घरात देवीची आरती चालू होती. आत्याबाईंनी ऊद घातला होता, धूर भरला होता, गल्लीतल्या सात-आठ बायका होत्या. आरतीच्या मधेच ते आलं. बायकांनी नंतर सांगितलं की माझा चेहरा लालबुंद झाला, मोठा श्वास घेतला, डावा हात वाकडा होऊन ताठ झाला आणि ओठ हलायला लागले.

आत्याबाई ओरडल्या, "माय आली! माय आली वं माझ्या घरी!"

मी भानावर आले तेव्हा माझ्या कपाळावर हळदीकुंकू होतं आणि समोरच्या घरची काकू माझे पाय धूत होती. तिने विचारलं, "माय, माझ्या पोराले नोकरी लागते का?"

मी काही बोलले नाही. मला बोलताच येत नव्हतं, त्यानंतर पाच-दहा मिनिटं येतच नसे. आत्याबाई म्हणाल्या, "माय मौनात हाय. म्हंजे हो समजा."

आता जे लिहिते ते खरं लिहिते. मला बरं वाटलं. देवी आहे असं मानलं तर बायका पाय धुतात. नाही मानलं तर मी कोण होते, ते मला माहीत होतं. मी देवी मान्य केली. कुणी विचारलं की अंगात काय होतं, तर सांगायचे, ऊन लागल्यासारखं होतं, मग काही आठवत नाही. अर्धं खरंच होतं.

दर शुक्रवारी बायका यायला लागल्या. दुसरबीडहून एक जण यायची, दोन बस बदलून. ऊद आणि धूर असला की ते हमखास यायचं असं नाही, पण मी पाटावर बसून मोठमोठे श्वास घेत राहिले की बरेचदा यायचं. नाही आलं तर आत्याबाई म्हणायच्या, आज माय रुसली.

देवीच्या अंगाला नवऱ्याने हात लावायचा नाही, असं आत्याबाईंनी ठरवलं. हे दुकानात झोपायला जायला लागले. आठ महिने. माझी मुलगी शाळेत जाताना माझ्या पाया पडायची. आत्याबाईंनी शिकवलं होतं. एकदा तिने मला "आई" म्हणायच्या ऐवजी "माय" म्हटलं आणि कपाळ जमिनीला टेकलं.

*

गल्लीत एक लग्न होतं. आपा टोपली घेऊन आल्या, चुडा भरायला. आमच्या ओट्यावरच बसल्या. नवरीनंतर माझी पाळी. आपांनी माझा डावा हात हातात घेतला, बोटं दाबून दाबून बांगडी चढवत होत्या, तेवढ्यात ते आलं.

नंतर आपांनी मला जे सांगितलं ते लिहिते. बायका "माय आली" म्हणून उठल्या. आपांनी हात सोडला नाही. बांगडी अर्ध्यावर होती, सोडली असती तर फुटून मनगटात घुसली असती. त्यांच्या हातातला माझा हात लाकडासारखा झाला. उजवा हात मात्र पदर चिमटत होता, चिमटत होता, जसा कुणी ऊ शोधतो. ओठ चपचप करत होते. आपा मनात मोजत होत्या. त्यांची धाकटी बहीण मिरगीची होती, तिच्याही हातात त्यांनी बांगड्या भरल्या होत्या.

बायका घरात गेल्या तेव्हा त्या माझ्या कानाशी बोलल्या.

"बेटा, एक विचारू? देवी डाव्याच हातात येते का वं तुमची?"

मी डावा हात पदराखाली घेतला.

"मी तीनदा पाह्यलं. मागच्या दिवाळीले, संक्रांतीले अन् आज. तीनदाही डावाच वळला. देवी असती तं एखाद्या वेळी उजव्यात आली असती. मिरगी हाय ही. दवा हाय हिच्यावर."

"आपा, मले मिरगी नाही. मी पडत नाही."

"सगळेच पडत नाहीत. माझी बहीण नुसती टकटक पाहे."

मी म्हटलं, लोक काय म्हणतील. त्या बांगड्यांचा कागद गुंडाळत म्हणाल्या, "लोक तं आताही म्हणूनच राह्यले. पाय धुऊन म्हणतात, एवढाच फरक."

आत्याबाईंना त्या काही बोलल्या नाहीत. सरळ ह्यांच्या दुकानावर गेल्या.

*

पहिल्यांदा आम्ही जालन्याच्या एका डॉक्टरांकडे गेलो. मी सांगितलं, चक्कर येते. त्यांनी ताकदीची गोळी दिली. चूक त्यांची नाही. त्यांना मी चक्करच सांगितली होती.

गोळी संपली, चक्कर तशीच. मग आपा ह्यांना म्हणाल्या, मोठ्या दवाखान्यात न्या. संभाजीनगरला एका मोठ्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. मग डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तीन दिवस भरती व्हायचं, डोक्याला तारा लावून कॅमेऱ्यासमोर ठेवायचं, झटका येईल तेव्हा यंत्र लिहून घेईल. बायकांच्या वॉर्डात सोबत बाईच पाहिजे होती. आत्याबाई येणार नव्हत्या. त्या म्हणाल्या, देवीले तारा लावता? पाप लागते. मुलीला सांभाळायला त्या घरी राहिल्या, आणि माझ्याबरोबर आपा आल्या. तीन दिवसांचा धंदा बंद ठेवून.

नर्सने विचारलं, "ह्या कोण तुमच्या?"

आपाच म्हणाल्या, "मोठी बहीण."

नर्सने माझं नाव पाहिलं, मग आपांचं पाहिलं. मग वहीत लिहिलं, बहीण.

दवाखान्याचा दिवस सगळा सारखा असतो. सकाळी सहाला फरशी पुसायला बाई येते, फिनाइलचा वास. मग चहा. मग रक्तदाब. मग एक मुलगी येऊन डोक्यावरच्या तारा सुटल्या का बघते, सुटली असेल तर थंडगार चिकट लेप लावते. अकराला डॉक्टर. बाराला वरण-भात. भाताकडे बघून मला माहेरची आठवण आली, पण रडू आलं नाही. समोर भिंतीवर कॅमेरा. माझ्या हातात एक बटण दिलं होतं. मॅडमनी सांगितलं, "तुम्हाला जी पहिली जाणीव होते ना, ती सुरू झाली की लगेच दाबा. यंत्राला कळलं पाहिजे, तुम्हाला कधी कळतं ते."

म्हणजे ती ऊब आली की मी सगळ्यांसमोर बटण दाबायचं होतं. कॅमेऱ्यासमोर. बटण दाबलं की घंटी वाजणार, नर्स पळत येणार.

पहिल्या दिवशी ते दोनदा आलं. मी बटण मुठीत घट्ट धरून ठेवलं, दाबलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला मॅडम आल्या. "काल काही जाणवलं?"

"नाही."

"काहीच नाही?"

"नाही, मॅडम."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. डॉक्टर सहसा बसत नाहीत. म्हणाल्या, "काल दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा तुमच्या मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला. इथे, कानाच्या वर. यंत्रात लिहिलंय. तुमच्या डोक्याने सांगितलं, तुम्ही सांगितलं नाही. मला ऐकायचंय ते तुमच्याकडून. सुरुवातीला काय होतं?"

चादरीवर दवाखान्याचं नाव छापलं होतं, ते वाचत राहिले.

"चुकीचं औषध द्यायचं नाही मला," मॅडम म्हणाल्या. "घाबरल्यासारखं होतं का? वास येतो का? पोटात काही?"

आपा उशाशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बेटा, शरम वाटून राह्यली ना? मले दे ती थोडा वेळ. मी धरून ठेवते. सांगून झालं का वापस घेजो."

मग मी सांगितलं. भिंतीकडे तोंड करून सांगितलं. नवऱ्याजवळ होतं तसं होतं म्हणाले. आपण होऊन होतं, माझ्या मनात काही नसताना होतं. मी तशी बाई नाही, हे तीनदा म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत. लिहीत होत्या, लिहून झाल्यावर म्हणाल्या, "अशा बायका मी आधी पाहिल्यात. तुम्ही पहिल्या नाही. शरीराला जे वाटतं ते मेंदूच घडवतो. त्या जागेवर झटका आला की ते आपोआप सुरू होतं. पाय झोपला की मुंग्या येतात, त्यात तुमचा स्वभाव असतो का? तसंच हे."

"मग देवी?"

"देवीचं मला माहीत नाही. झटक्याचं माहीत आहे."

त्या गेल्यावर मी आपांना विचारलं, "आपा, तुम्ही आयकलं सगळं. काय वाटलं?"

त्या केळं सोलत होत्या. "वाटलं का ह्या पोरीनं दोन सालं एकटीनं काय काय गिळलं. हे खा आता."

त्या दिवशी दुपारी ते आलं तेव्हा मी बटण दाबलं. घंटी वाजली. नर्स पळत आली. नंतर कळलं, मी वेळेवर दाबलं होतं, अगदी सुरुवातीलाच.

*

हे आम्हाला न्यायला आले होते. ह्यांना मी घरी परत येताना सांगितलं, बस थांबली होती तिथे, हॉटेलच्या मागे. आपा मुद्दाम चहाला गेल्या होत्या.

ते हातातल्या तिकिटाच्या घड्या घालत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मी नसताना?"

"कुणीच नसताना."

मी काय बोलते आहे ते त्यांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. त्यांनी दुसरंच काही ऐकलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी मॅडमनी सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. मग ते एकदम म्हणाले, "ऑटो लावेल मोटर!"

"काय?"

"मोटरले ऑटोस्विच लावला ना, का लाइन आली का आपोआप चालू. हिरीत पानी असो का नसो. मालक तिकडं गावाले गेला तरी मोटर चालूच. तसं झालं तुझं."

"हाव. तसंच."

"अन् म्या आठ महिने दुकानात निजलो. मोटरीच्या भरवशावर." मग हसले. मग थोड्या वेळाने, हसणं संपल्यावर, विचारलं, "मंग माझ्याजवळचं? तेही ऑटोच होतं का?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. मॅडमना पुढच्या वेळी विचारलं, त्याही म्हणाल्या, मला माहीत नाही. ह्यांच्याजवळ जे वाटायचं त्यातलं माझं किती आणि आजाराचं किती, ते कुणीच सांगू शकत नाही. त्या गोष्टीपाशी मी अजून अडते.

घरी आल्यावर डोक्याचा लेप निघेना. केसात सिमेंटसारखा बसला होता. ह्यांनी खोबरेल तेल कोमट केलं आणि अंगणात मला खाली बसवून एक एक बट सोडवायला लागले. तार सोडवायची सवय आहे त्यांना. आत्याबाई दारातून बघत होत्या.

"देवीच्या डोक्याले हात लावून राह्यला तू?"

"देवी नाही माय, बायको हाय," हे म्हणाले. "फणी दे इकडं."

आत्याबाईंनी फणी दिली नाही. पण आत गेल्या, ओरडल्या नाहीत.

*

औषध सुरू झालं. झटके थांबले. पहिल्या महिन्यात दोन आले, मग एकही नाही.

आणि बाकीचंही सगळं थांबलं. ह्याबद्दल कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल, मला ऐकू गेलं नसेल. म्हणून इथे लिहिते. हे घरी झोपायला आले. त्यांनी हात लावला तर मला कळायचं की हात लावला. बस, एवढंच. वाकळीवरून कुणी हात फिरवावा तसं. हे विचारायचे, "काही?" मी म्हणायचे, "नाही." ते हात काढून घ्यायचे आणि तसेच शेजारी पडून राहायचे. पुन्हा दुकानात गेले नाहीत. त्याबद्दल मी काय म्हणू.

फक्त तेच नाही. आईचा फोन आला, मामा गेले. आई रडत होती, मी फोन कानाला धरून ऐकत होते. डोळ्यात पाणी आलं नाही. मुलीने शाळेतून बक्षीस आणलं, प्लास्टिकचा डबा होता. मी म्हटलं, छान. माझा आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. मला कधी कधी ती ऊब आठवायची आणि वाटायचं, गोळी नको. एकदा दोन दिवस घेतली नाही. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात पडले, कपाळावर खोक पडली. तुम्ही असं करू नका.

मॅडमना हे सांगायला मला पाच महिने लागले. झटके सांगायला दोन वर्षं लागली होती, त्या मानाने लवकरच. त्या म्हणाल्या, हे औषधाने होऊ शकतं, बायका हेही सांगत नाहीत. औषध हळूहळू बदललं. आता नवीन औषधाला सात महिने झाले. झटका नाही. थोडं थोडं काही परत आलंय असं मला वाटतं, पण खात्रीने सांगत नाही. मागच्या आठवड्यात मुलगी झोपेत माझ्या पोटावर पाय टाकून झोपली तेव्हा तो पाय मला जड आणि गरम लागला. ह्यांच्याजवळ अजून काही नाही. ते म्हणतात, "राहू दे, लाइन येईन तवा येईन." मी हसते. हसू येतं, हेही आधी नव्हतं.

आत्याबाई रोज आठ वाजता विचारतात, "गोळी घेतली का?" देवीचं नाव काढत नाहीत. मागच्या नवरात्रात मात्र म्हणाल्या, "नुसती पाच मिनिटं पाटावर बस. दुसरबीडची येऊन बसली. काही बोलू नको." मी गेले नाही. दारात उभी राहून त्या दुसरबीडच्या बाईला म्हटलं, मला आजार होता, बाई. दवाखान्यात कळलं. ती म्हणाली, "मंग मी पाय धुतले ते?" मी म्हटलं, "मला माफी असू द्या." ती रागावून गेली. तिने मागे एकदा माझ्या गप्प राहण्याचा अर्थ हो असा घेऊन काय केलं असेल, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

*

एक गोष्ट राहिली. ती लिहायला मला सगळ्यात जड जातं.

गल्लीत असं पसरलं की मनियारणीने, म्हणजे बांगड्यावाल्या आपांनी, काहीतरी करून देवी घालवली. हात धरला, काही पुटपुटली आणि देवी गेली. आपा कानाशी बोलल्या होत्या ते काहींनी पाहिलं होतं. आता आमच्या गल्लीत आपांना कुणी बांगड्या भरायला बोलावत नाही. वीस वर्षं त्या ह्याच ओट्यांवर बसल्या, ह्याच बायकांच्या लग्नाचे चुडे त्यांनी भरले. आता त्या बस स्टँडजवळ टोपली घेऊन बसतात. मी तिथे जाते. त्या म्हणतात, "जाऊ दे वं. इथं गिऱ्हाइक जास्त भेटते." ते खोटं आहे, मला दिसतं.

मी गल्लीला अजून सगळं सांगितलेलं नाही. "आजार होता" एवढंच सांगितलं. आपांनी देवी घालवली नाही, देवी नव्हतीच, मला काय होत होतं ते मी लपवलं आणि तुमच्याकडून पाय धुवून घेतले, हे मी ओट्यावर उभी राहून म्हटलेलं नाही. भीती वाटते. मुलगी मोठी होते आहे, तिला ह्याच गल्लीत राहायचंय. ज्या दिवशी मी ते बोलेन त्या दिवशीच आपा परत इथे बसू शकतील, हे मला माहीत आहे. आपा एकदाही म्हणाल्या नाहीत की बोल.

आमच्याकडे बांगड्या भरून झाल्या की भरणारीच्या पाया पडायची रीत आहे. आपा, मी अजून भित्रीच आहे. पण मी तुम्हाला आमच्या ओट्यावर आणीन. गल्लीतल्या बायका गोळा करीन, काय होतं ते माझ्या तोंडाने सांगेन, हात पुढे करीन, आणि सगळ्यांच्या देखत तुमच्या पाया पडेन. कधी ते सांगता येत नाही. पण हे फेडल्याशिवाय मी मरणार नाही.